पावसाळी टूरसाठी मडगार्ड कोणतं घ्यावं? (टायर ७००×३८, डिस्क ब्रेक, बजेट १५००)

वडगावचा_पायडल
नमस्कार मंडळी. श्रावण लागायच्या आत बेळगाव-आंबोली-सावंतवाडी-मालवण आणि येताना साखळीवरून चोर्ला घाट चढून जांबोटीमार्गे घरी, असा चार दिवसांचा बेत आहे. सायकल साधी हायब्रिड. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) सरळ, म्हणजे सस्पेन्शन नाही. दोन्ही चाकांना डिस्क. मागं कॅरियर आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लागतील. मडगार्ड मात्र एकही नाही, दुकानातून आली तीच उघडी.

गेल्या पावसात उचगावला जाऊन आलो तर ढुंगणापासून मानेपर्यंत काळी पट्टी उठली होती. आईनं दारातच थांबवून अंगावर बादली ओतली. तेही चाललं असतं, पण चेन महिनाभर कुरकुरत होती आणि बूट तीन दिवस वाळले नाहीत.

पूर्ण लांबीचं घ्यावं की सीटच्या नळीला अडकवायचं? प्लास्टिक की धातू? बजेट १५००, बसवणावळ धरून. कृपया बजेट लक्षात घेऊन सांगा.

रामघाट_रोड
बजेट वाढवा. हे एकदाच घ्यायचं असतं.
माझ्याकडे एसकेएसचं जर्मन मडगार्ड आहे, पुण्याहून मेव्हण्यानं आणलं. वरून प्लास्टिक दिसतं, पण दोन थरांच्या मधे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, त्यामुळे आकार सोडत नाही. ४८०० पडले. तीन पावसाळे झाले, दोनदा अनमोड घाट उतरलो, एकदा आंबोली. अजून खडखड नाही. परवा तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एकानं थांबवून विचारलं, कुठून घेतलं म्हणून.

निपाणीकर_६२२
+१, स्वस्तात जाऊ नका.
मी मात्र अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं होतं. दिसायला राजा. दुसऱ्याच महिन्यात मागच्या ब्रिजच्या (चाकावरच्या आडव्या नळीच्या) भोकापासून तडा गेला आणि संकेश्वरच्या अलीकडे निम्मं मडगार्ड चाकाला घासत लोंबकळत होतं. टॉवेलनं बांधून निपाणी गाठली. नंतर कळलं की चूक बसवणाऱ्याची. भोक जागेवर येईना म्हणून ओढून बोल्ट मारला होता. धातूचं मडगार्ड ताण ठेवून बसवलं की खड्ड्याखड्ड्याला तो ताण त्याच भोकावर येतो. मडगार्ड जिथं आपणहून बसतं तिथंच बसवायचं, उरलेली फट वॉशर घालून भरायची.

भिजका_कावळा
पावसात सायकल चालवायची आणि भिजायचं नाही? मग बसनं जा की. मी दहा वर्षं बिनमडगार्डाचा फिरतोय, काही झालेलं नाही.

रामघाट_रोड
@भिजका_कावळा, तुमच्या मागं चालवणाऱ्याला विचारा काय झालंय ते. मागच्या वर्षी राजहंसगडाच्या राइडला मी होतो तुमच्या मागं. दात घासायला पेस्ट लागली नाही.

उद्यमबाग_लेथ
धागाकर्त्यांनी विकत काहीही घेऊ नये. एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा आणा, करून देतो. मजुरी घेणार नाही, फक्त चहा. चाकाचा बाहेरचा व्यास आणि फोर्कच्या दोन पायांमधलं अंतर कळवा. ड्रॉइंग काढायला घेतलंय.

निवृत्त_मास्तर
मंडळी, घरातलं सोनं सोडून तुम्ही बाहेर कुठं शोधत आहात? काळ्या २८ इंची सायकलचं पत्र्याचं मडगार्ड कुठल्याही जुन्या दुकानात मिळतं. माझ्या वडिलांची सायकल १९६८ सालची आहे. तिचं मडगार्ड अजून तेच. आम्ही शिनोळीहून शाळेला येत असू तेव्हा पाऊस आजच्यापेक्षा जास्त होता आणि रस्ता नव्हताच.

निपाणीकर_६२२
मास्तर, २८ आणि ७०० एकच हो. नावं वेगळी.

निवृत्त_मास्तर
एकच नव्हे. काळ्या सायकलची २८ × १½ ची रिम टायर बसतो तिथं ६३५ मिलिमीटर व्यासाची असते, ७०० सीची ६२२. फरक १३ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्येत साडेसहा. टायरची अदलाबदल करायला जाल तर हात दुखून येतील. पण मडगार्डाला हा फरक पथ्यावरच पडतो, टायर आणि पत्रा यांच्यात आपोआप जास्त जागा राहते. नावात ६२२ लावून घेणाऱ्यांना हे ठाऊक असावं अशी अपेक्षा होती.

निपाणीकर_६२२
🙏 दंडवत. नाव बदलता येतं का इथं?

चंदगडी_बाणा
आवं कशाला उगीच पैसं घालवालैसा. निवडणुका झाल्या की सनपॅक शीटचं (पोकळ प्लास्टिकचं) बोर्ड फुकट मिळत्यात. कात्रीनं काप, केबल टायनं बांध, झालं मडगार्ड. माझं दोन वर्सं तसंच हाय. एका बाजूनं अजून उमेदवाराचं निम्मं तोंड दिसतंय.

आणि एक सांगतो, पुढच्या मडगार्डाचं बघून घ्या. पाटणे फाट्याच्या पुढं एकदा वाळकी काटकी चाकात आली, टायरबरोबर वर गेली आणि मडगार्डात अडकली. चाक जागेवर थांबलं, मी थांबलो न्हाई. हनुवटीला चार टाके. तवाचं मडगार्ड दुकानातलं, लोखंडी दांड्यांचं. आता टायनं बांधलेलं हाय, काय अडकलं की टाय तुटतोय.

रामघाट_रोड
म्हणूनच चांगल्या मडगार्डाच्या पुढच्या दांड्यांना झटका बसला की सुटणारी क्लिप असते. माझ्याला आहे.

पायडल_मारा_कुंदा_खा
आंबोलीनं जाऊन चोर्लानं येण्यापेक्षा उलटं करा. चोर्ला उतरायला मजा येते.

निपाणीकर_६२२
पावसात चोर्ला उतरायची मजा? कणकुंबीच्या पुढं धुक्यात हँडल दिसत नाही. चढताना निदान वेग कमी असतो.

पायडल_मारा_कुंदा_खा
आंबोलीत शनिवार-रविवारी धबधब्याखाली नाचणारे असतात. धुकं परवडलं.

भिजका_कावळा
आंबोलीत चहा महाग झालाय.

वडगावचा_पायडल
मंडळी, रस्ता ठरलाय. शनिवार-रविवार टाळलाय. मडगार्ड ठरलेलं नाही. आणि बजेट अजून १५०० च आहे.

शहापूरची_चाकं
मी रोज शहापूरहून हिंडलग्याला नोकरीला सायकलनं जाते, बाराही महिने. त्यामुळे टूरचं ज्ञान कमी, चिखलाचं भरपूर. मला कळलंय ते लिहिते.

रुंदी आधी बघा. मडगार्ड टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर तरी रुंद हवं. ३८ च्या टायरला ४८ ते ५०. त्याहून अरुंद घेतलं तर पाणी दोन्ही कडांनी फुटून बाहेर येतं आणि मडगार्ड असून पोटऱ्या भिजतात. मग वरची फट. डांबरी रस्त्याला टायर आणि मडगार्ड यांच्यात दहा मिलिमीटर पुरतात, पण आपल्याकडं माती दोन तऱ्हेची आहे. खानापूर-जांबोटीकडची जांभ्याची तांबडी माती पाण्याबरोबर वाहून जाते. चिकोडी-निपाणीकडची काळी माती मडगार्डात थापून बसते आणि चाकच फिरू देत नाही. तुम्ही पश्चिमेला चाललाय म्हणून दहा-बारा चालेल. रायबागकडं जायचं असतं तर पंधराच्या खाली नको म्हटलं असतं.

सगळ्यांना पाठीवरची पट्टी दिसते, म्हणून सगळे मागचं मडगार्ड शोधतात. पण बूट आणि चेन खराब करतं ते पुढचं चाक. ते खालच्या बाजूनं पाणी मागं फेकतं, ते थेट पायांवर आणि पेडलच्या बेअरिंगवर जातं. पुढचं मडगार्ड छोटं असेल तर त्याचा उपयोग शोभेपुरता. त्याला खाली रबरी फ्लॅप लावा, जमिनीपासून चार बोटं वर राहील इतका लांब. माझा फ्लॅप ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा आहे. तेव्हापासून माझे सॉक्स कोरडे असतात, सहकाऱ्यांना खोटं वाटतं.

डिस्क आहे म्हणून एक अडचण येईल. मडगार्डाची डाव्या बाजूची दांडी कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या भागाला, आडवी येते. लांब बोल्ट आणि १५-२० मिलिमीटरचा नळीचा तुकडा घालून ती बाहेर काढायची. आणि आत नायलॉनची कडी असलेले नट वापरा, साधे नट आपल्या रस्त्यांवर टिकत नाहीत.

सीटच्या नळीला अडकवायचं घेऊ नका. डोलत राहतं, आणि तुमच्या कॅरियरवर बसणारही नाही.

निपाणीकर_६२२
ताईंशी सहमत. नायलॉन नट महत्त्वाचे.

पायडल_मारा_कुंदा_खा
+१. नायलॉन नट वापराच.

रामघाट_रोड
माझ्या मडगार्डाबरोबर नायलॉन नट आलेच होते.

निवृत्त_मास्तर
शहापूरच्या ताईंचं विवेचन उत्तम. त्यात एक भर. वळताना बुटाचा पुढचा भाग मडगार्डाला लागतो का ते आधीच बघा. पेडल पुढं आडवं धरायचं, हँडल वळवायचं आणि घरासमोरच्या बोळात एक यू-टर्न घ्यायचा. लागत असेल तर घाटाच्या चढात, वेग कमी असताना, पडायची शक्यता जास्त. पूर्वीच्या सायकली लांब असत, हा प्रश्न नव्हता. पूर्वी साडीसाठी ड्रेसगार्डही असे.

भिजका_कावळा
पूर्वी पाऊसही कोरडा असेल.

उद्यमबाग_लेथ
ड्रॉइंग तयार. फोर्कमधलं अंतर अजून कळवलेलं नाही.

शहापूरची_चाकं
@उद्यमबाग_लेथ, एक शंका. सरळ पत्रा एका दिशेनंच वाकेल ना? चाकाची गोलाई दिली की आडवी खोलगट गोलाई कशी देणार? सपाट पट्टी बसवली तर पाणी कडेनं सांडेल.

उद्यमबाग_लेथ
बरोबर आहे. त्याला दोन रोलरचा डाय (साचा) लागतो. डाय करायला टाकतो, पंधरा दिवस लागतील.

वडगावचा_पायडल
दादा, पंधरा दिवसांनी मी मालवणात मासे खाऊन परत आलेला असेन 🙂

चंदगडी_बाणा
सनपॅक. दहा मिनटं.

रामघाट_रोड
तुम्हाला फोटो पाठवू का माझ्या मडगार्डाचे?

वडगावचा_पायडल
(पाच दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. मडगार्ड झालं. तुमच्यापैकी कुणीही सांगितलं नव्हतं तसं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो. राग नसावा.

मास्तरांच्या सांगण्यावरून खडेबाजारात जुन्या दुकानात गेलो. २८ इंची काळं मडगार्ड मिळालं, पण जोडी म्हणूनच देणार. ३८० रुपये. पुढचं बसवायला घेतलं तर दोन भानगडी. काळ्या सायकलच्या दांड्यांचं टोक अ‍ॅक्सलवर बसायचं असल्यामुळे भोक मोठं असतं, माझ्या फोर्कचा बोल्ट पाच मिलिमीटरचा, त्यातून सुळकन आरपार. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घातले. दुसरं, फोर्कच्या पायांमधे मडगार्ड रुंद पडलं. मेकॅनिकनं पकडीनं दोन्ही कडा तेवढ्यापुरत्या आत दाबल्या आणि दाबलेल्या पत्र्याला काळा रंग लावला, नाहीतर तिथूनच गंज धरला असता. डाव्या दांडीला ताईंनी सांगितलेला नळीचा तुकडा. खाली ट्यूबचा फ्लॅप. यू-टर्न घेऊन बघितला, बूट निसटता वाचतो.

मागं मडगार्ड लावलंच नाही. पिशव्यांच्या हुकांना पत्रा आडवा येत होता आणि दांड्यांना बोल्ट मारायची भोकं कॅरियरनं आधीच अडवली होती. कॅरियरच्या वर सनपॅकची सपाट शीट टायनं बांधली, मागं थोडी लोंबती सोडली. आणि सीटच्या नळीमागं, टायर आणि नळीच्या मधे, एक उभा तुकडा, म्हणजे मागच्या चाकाचं पाणी पुढं चेनवर यायला नको. फुकट. काल मुद्दाम भर पावसात राकसकोपला जाऊन आलो. पाठ कोरडी, बूट दमट म्हणावेत इतपतच. खडखड होते, पण ती पुढच्या फ्लॅपच्या बोल्टची, शोधतोय.

एकूण खर्च वॉशर-नट आणि मेकॅनिकचे दीडशे धरून ५८०.

निवृत्त_मास्तर
अर्धी का होईना, माझी सूचना कामी आली.

चंदगडी_बाणा
माझी पन अर्धी. बोर्डावर कोन हाय?

वडगावचा_पायडल
कोरी बाजू बाहेर ठेवलीय. घरात दोन पक्ष आहेत.

रामघाट_रोड
ठीक आहे. पण पत्र्याचं वजन बघा. माझं याच्या निम्म्यात बसेल.

उद्यमबाग_लेथ
डाय टाकायला दिला होता. असो. मागच्या चाकासाठी पुढच्या वर्षी सांगा.

वडगावचा_पायडल
@उद्यमबाग_लेथ, चहा नक्की.
बाकी, जोडीतलं मागचं मडगार्ड माझ्याकडे पडून आहे. २८ इंची, काळं, कोरं, दांड्यांसकट. कुणाला हवं असेल तर वडगावातून घेऊन जावं. पैसे नकोत.

भिजका_कावळा
मी संध्याकाळी येतो. कशाला ते विचारू नका.