कंपनीची संस्कृती भाषणांनी बदलते की अधिकार हलवल्याने?

शॉपफ्लोअर:
कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा फ्रीमाँट कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. दर पाच कामगारांत एक गैरहजर, कामावर दारू, युनियन आणि मॅनेजमेंटमधून विस्तव जात नव्हता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'नुम्मी' नावाने सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. काही जणांना जपानला नेऊन शिकवलं. कामाच्या ढीगभर वर्गवाऱ्या काढून मोजक्या ठेवल्या, साहेबांचं वेगळं कॅन्टीन आणि राखीव पार्किंग गेलं. आणि गाड्या जोडायच्या लाइनवरच्या कुठल्याही माणसाला दोष दिसला की इशाऱ्याची दोरी ओढायची मुभा मिळाली. वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबायची. थोड्याच काळात गैरहजेरी पार खाली आली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ गेला. माणसं तीच होती. म्हणून एचआरच्या 'मूल्यां'च्या पोस्टरवर माझा काडीचाही विश्वास नाही. आधी अधिकार खाली द्या.

रानवारा:
साफ असहमत. दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला नोकरी परत मिळाली, तर तो कुठलीही पद्धत स्वीकारेल. जनरल मोटर्सने नुम्मीतली हीच संघपद्धत, म्हणजे छोट्या गटांनी काम करायची पद्धत, लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात नेली, तिथे ती रुजली नाही. १९९२ मध्ये तो बंदही झाला. कागदावरची रचना सारखीच होती की! मनातला संशय गेला नाही, म्हणून फसलं.

शॉपफ्लोअर:
सारखी नव्हती. तिथे मॅनेजरचा बोनस किती गाड्या बाहेर पडल्या यावरच ठरत राहिला. दोरी ओढली की साहेब अंगावर येणार, हे माहीत असताना कोण ओढेल? बोनस हीसुद्धा रचनाच. आणि नोकरी जाण्याच्या भीतीने लोक वाकले असं म्हणाल, तर १९८८ मध्ये मागणी घटली तेव्हा नुम्मीने कोणालाही कमी केलं नाही, रिकाम्या माणसांना प्रशिक्षणाला बसवलं. भीती असती तर ती तिथेच उफाळली असती.

रानवारा:
हे तर तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. मंदीत लोक टिकवायचे की काढायचे, हे वरच्यांच्या श्रद्धेवर ठरतं.

पापडखार:
दोघांनी लिज्जतकडे बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण, नफ्या-तोट्यात वाटेकरी. दान घ्यायचं नाही, हा बाणा पहिल्यापासूनचा. तिथे मूल्य आधी आलं, रचना त्यातून घडली. पण सुरुवातच अशी झालेल्या संस्थेचा दाखला जुन्या, आजारी कारखान्याला लावणं मला कठीण वाटतं. तिथे शॉपफ्लोअर यांचं पटतं.

रानवारा:
मग एवढंच सांगा: नुम्मीचे धडे हाताशी असून जनरल मोटर्सला ते इतर कारखान्यांत पसरवायला वर्षानुवर्षं का लागली? दोऱ्या तर पहिल्याच वर्षी बसवता आल्या असत्या.