मदत हवी आहे: डापीत (डीएनएला चिकटून निळा चमकणारा डाय) केंद्रकाबरोबर पेशीभित्तिकाही निळ्या चमकतायत
नमस्कार मंडळी, बेळगावात एमएस्सीचं प्रोजेक्ट चाललंय, रविवार पेठेतल्या कांद्याला मुळं फोडून टोकं कार्नॉयमध्ये (अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लाचं मिश्रण) फिक्स केली, स्क्वॅश करून (स्लाइडवर दाबून चपटी करून) डापीने रंगवली. यूव्हीखाली केंद्रकं निळी येतात खरी, पण भित्तिकाही तेवढ्याच निळ्या, फोटोत मोजणीच जमत नाही. डाय १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, १० मिनिटं अंधारात, पीबीएस बफरचे ३ वॉश. डाय अर्धा केला, वॉश वाढवले, काही फरक नाही. बिनडायची स्लाइडपण निळी चमकते, म्हणजे तो भित्तिकेचाच प्रकाश. मायक्रोस्कोपला यूव्ही आणि ब्लू एवढेच फिल्टर, कॉन्फोकल नाही, आणि नवीन डाय एकदाच मागवता येईल. मग ब्लूवर चालणारा सायबर ग्रीन घेऊ की अ‍ॅक्रिडिन ऑरेंज, आणि दोन्ही आरएनएलाही चिकटतात तर आधी आरनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) किती वेळ देऊ?