पहिल्याच मैफलीत सगळ्या बंदिशी स्वतःच्या: धाडस की घाई?

गोदाकाठ

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात एका २१ वर्षांच्या मुलीची पहिली स्वतंत्र मैफल ऐकली. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाशिक लहान आहे, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. अहिर भैरवात विलंबित आणि मध्यलय, मग अल्हैया बिलावलात दोन, शेवटी भैरवी. एकूण पाच चिजा, म्हणजे बंदिशी, आणि पाचही तिच्या स्वतःच्या. शब्द तिचे, चाल तिची, अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, गुंफलेली मुद्रा (रचनाकाराचं टोपणनाव) तीसुद्धा तिची. परंपरेतली एकही नाही.

गळा छान आहे, याबद्दल वाद नाही. पण ओळखीची चीज असली की गाणारा कुठे कमी पडला आणि कुठे स्वतःचं काही घालून गेला, हे ऐकणाऱ्याला कळतं. इथे मोजायची पट्टीच नवीन. अहिर भैरव वीसेक मिनिटांनी पातळ व्हायला लागला तेव्हा मला कळेना, कमी काय पडतंय, रियाज की चीज?

त्यात पत्रिकेवर 'युवा वाग्गेयकार', म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणारी, असं छापलेलं. निवेदिकेनं विशारद, आकाशवाणीची बी ग्रेड, शिष्यवृत्ती, रील किती जणांनी पाहिलं, अशी यादी पाच मिनिटं वाचली. कुमार गंधर्वांची बालपणापासून कीर्ती होती, तरी स्वतःच्या बंदिशींचं पुस्तक 'अनूपरागविलास' छापून आलं १९६५ साली, त्यांच्या चाळिशीनंतर. मधे देवधरांकडची तालीम होती, देवासचं आजारपण होतं, माळव्याची लोकगीतं होती. एवढं सगळं पचवून मग रचना. इथे पायरीच गाळली जातेय असं वाटलं. तुम्हाला काय वाटतं?

विशारद नापास

शंभर टक्के सहमत. मुद्रा लावायची म्हणजे काय गंमत आहे का? 'प्रेमपिया' म्हटलं की फैयाज खाँ, 'गुणीदास' म्हटलं की जगन्नाथबुवा पुरोहित, 'सुजन' म्हटलं की रातंजनकर. त्या नावामागे आधी माणूस उभा राहिला, मग नाव. हल्ली आधी नाव ठरतं, लोगो होतो, मग रियाज.

वर नवीन रागही काढला म्हणे?

गोदाकाठ

नाही हो, राग तिन्ही जुनेच होते. उगाच काहीही पसरवू नका.

इंद्रकुंड

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

काका, चाळिशीपर्यंत थांबा हे म्हणायला सोपं आहे. आपल्याच नाशकात १९२१ साली जन्मलेले द. वि. पलुस्कर घ्या. दहाव्या वर्षी वडील गेले, १९३५ मध्ये चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले आणि १९५५ च्या ऑक्टोबरात गेलेसुद्धा. वय ३४. त्यांना चाळिशी मिळालीच नाही. चौदाव्या वर्षी हरवल्लभात बसवणाऱ्यांनी 'पोर आहे, थांबूदे' म्हटलं असतं तर आपल्याकडे काय उरलं असतं?

दुसरं. परंपरेतली चीज म्हणजे नेमकी कुठली? भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांत घरंदाज चिजा गोळा केल्या, तशी 'चतुर' या नावानं स्वतःची लक्षणगीतंही (रागाची लक्षणं सांगणारी गाणी) रचली. आज आपण ती पाठ करून परीक्षा देतो आणि परंपरा म्हणतो. अठराव्या शतकातल्या सदारंगाचा ख्यालही कधीतरी त्याच्या हयातीत कोरा करकरीत होताच की. मारुबिहागातली 'जागूं मैं सारी रैना' प्रभाताई अत्र्यांची स्वतःची. आज कुठल्याही क्लासच्या दारात उभं राहा, आतून तीच ऐकू येते. भूपातलं 'सहेला रे' किशोरीताई आमोणकरांचं. कुणाला वाटतं ते उपरं आहे म्हणून?

विशारद नापास

इंद्रकुंडताई, उदाहरणं तुम्ही माझीच देताय. द. वि. चौदाव्या वर्षी उभे राहिले ते गवई म्हणून. वडिलांची गायकी आणि नंतर विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यासांची तालीम घेऊन. स्वतःची पाच चिजांची वही घेऊन नव्हे. आणि प्रभाताई, किशोरीताई यांची नावं घेताना आधी त्यांनी किती वर्षं दुसऱ्यांचं गायलं तेही लिहा.

पियानोवाला

मी पाश्चात्त्य संगीत शिकलोय, त्यामुळे हा वाद जरा बाहेरून बघतोय. मोझार्टची पहिली सिम्फनी आठव्या वर्षीची, मेंडेल्सोहनचं तंतुवाद्यांचं ऑक्टेट १८२५ मधलं, तेव्हा तो सोळाचा. तिकडे तरुण रचनाकार ही कौतुकाची गोष्ट, इकडे आरोपपत्र. असं का?

इंद्रकुंड

कारण तिकडे कागदावर सगळं लिहिलेलं असतं आणि वाजवणारे दुसरे असतात. ऑक्टेट आठ जण वाजवतात, मेंडेल्सोहन पडद्याआड बसला तरी चालतं. आपल्याकडे बंदीश म्हणजे चार ओळींचा सांगाडा. स्थायी, अंतरा, झालं. उरलेली पस्तीस मिनिटं गाणाऱ्यानं भरायची. त्यामुळे रचना चांगली असून गाणं पडू शकतं आणि उलटही. रविवारी बहुतेक तेच झालं. पण म्हणून रचलंच कशाला, हा प्रश्न मला पटत नाही.

ठेकेदार

बराच वेळ वाचतोय, आता बोलतो. रविवारी तबल्यावर मीच होतो.

आधी आतली बातमी. हॉलचं भाडं, ध्वनिव्यवस्था, आमची पाकिटं, वर सगळ्यांना मिसळ, हे सगळं तिच्या वडिलांच्या खिशातून. म्हणजे ज्याला आपण पहिली मैफल म्हणतो ती ९० टक्के वेळा अशीच असते, पुण्यात असो की नाशकात. यादी वाचायचा हट्टही तिचा नव्हता, पत्रिका छापणाऱ्या उत्साही काकांचा होता. ती पडद्यामागे कान झाकून बसली होती. तेव्हा त्या यादीचं खापर तिच्यावर नको. बाकी आकाशवाणीची बी ग्रेड ही काही रीलसारखी फुकट मिळत नाही, पडद्यामागच्या कमिटीपुढे गाऊन मिळते, एवढं मान्य करा.

आता गाण्याबद्दल. विलंबित एकतालातला ख्याल कमजोर होता, खरं आहे. मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, एवढा तुटपुंजा की समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आलं रे आलं की पुढे काय घ्यायचं हे तिलाच सुचेना. बड्या ख्यालाच्या मुखड्यात आवाज पसरायला जागा लागते. ती जागा जुन्या चिजांत पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून तयार झालेली असते, एका रात्रीत वहीत येत नाही. तिथे गोदाकाठकाकांचा मुद्दा बरोबर.

पण मध्यलय, सोळा मात्रांच्या तीनतालातली जी होती ना, 'आज गोदातट भोर भई', ती मला आवडली. घरी आल्यावरही डोक्यात वाजत होती. फक्त एक खोट आहे. ती नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी नसलेल्या 'खाली'वरून उचलते. आ ऽ ज ऽ गो ऽ दा ऽ, आणि सम येते 'तट'च्या 'त'वर. ऱ्हस्व अक्षर. 'दा'चा छान आकार चढत येतो आणि नेमका समेवर टक्‌ करून तुटतो. मी दरवेळी सम जोरात द्यायचो आणि ती तिथे जीभ दातांना लावून मोकळी. आमची दोघांची गाठच पडेना.

पियानोवाला

ही माहिती धाग्याच्या सुरुवातीलाच हवी होती.

विशारद नापास

बघा! साधी सम कुठल्या अक्षरावर ठेवायची हे कळत नाही आणि वाग्गेयकार.

मध्यलय

विशारद नापास, जरा दमानं. ऱ्हस्व अक्षरावर सम असलेल्या जुन्या चिजा मी तुम्हाला बसल्या बैठकीला काढून देईन. त्या कुणी चुकीच्या म्हणत नाही, कारण गुरुजींनी दिल्या. तीच गोष्ट पोरीनं केली की अज्ञान.

मी पंचवटीत मुलांना शिकवते, तीस वर्षं होतील. माझ्या गुरूंसमोर स्वतःची चीज गायची आमची हिंमत नव्हती. एकदा मैत्रिणीनं चुकून गुणगुणली तर त्यांनी नुसतं विचारलं, "ही कुणाची?" आणि पुढचे दोन महिने ती क्लासला आली नाही. आमच्या पिढीनं रचलं नाही ते काही नम्रतेनं नाही, भीतीनं. ते फार चांगलं झालं असं मला आज वाटत नाही.

पण गोदाकाठ यांचं एक पटतं. तिनं एक तरी जुनी चीज घ्यायला हवी होती. परीक्षा म्हणून नाही. तिची नवी चीज शेजारच्या जुन्या चिजेजवळ बसवली असती तर दोन्ही नीट ऐकू आल्या असत्या. एकट्या पाच म्हणजे सगळ्या भाज्या गोड.

बाय द वे, ठेकेदार, ती 'गोदातट' मी ऐकता ऐकता वहीत उतरवून घेतली होती. उद्या वर्गात घेऊन बघते.

रामकुंडावरचा

मिसळ कुठली होती?

ठेकेदार

मिसळीचा धागा वेगळा काढा, इथे नको. (तर्री कमी होती.)

गोदाकाठ

मध्यलयताई, तुमचा 'सगळ्या भाज्या गोड' हाच माझा मुद्दा होता, मला तीन परिच्छेद लागले.

एक कबूल करतो. इंद्रकुंड यांनी पलुस्करांचं जे लिहिलं त्यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. चाळिशीचा हिशेब मी मागे घेतो. पण 'युवा वाग्गेयकार' या शब्दांवरचा आक्षेप कायम. तुमची चीज दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात गेली पाहिजे, तोवर ती तुमच्या वहीतली नोंद. एकाही दुसऱ्या गवयानं अजून न गायलेल्या पाच चिजांवर ही पदवी पत्रिकेत छापायची नसते.

इंद्रकुंड

दुसऱ्यानं गाण्याआधी कुठेतरी पहिल्यांदा गावी लागेल ना, काका? ती कुठे गायची, बाथरूममध्ये?

विशारद नापास

गुरूसमोर. दहा वर्षं.

मध्यलय

काल वर्गात घेतली. दहा-बारा वर्षांची सात मुलं, पेटीवर मी. फळ्यावर मात्रा लिहून दिल्या, नववीपासून. दोनदा माझ्याबरोबर नीट म्हटली. तिसऱ्यांदा मी गप्प बसले आणि नुसता ठेका लावून दिला. मुलं नववीला उठलीच नाहीत. जरा थांबली आणि अकरावीवरून उचलली. आ ऽ ज ऽ गो ऽ, आणि 'दा' बरोब्बर समेवर. त ट भो ऽ र भ ई ऽ करत दहावीला संपली आणि परत अकरावीवरून सुरू. कुठे ओढाताण नाही. कुणी सांगितलं नव्हतं. फळ्यावर माझ्याच हातानं ९ लिहिलेला होता.

एकीला विचारलं, असं का म्हटलंस? तर म्हणे, "ताई, 'दा'वरच टाळी येते ना."

ठेकेदार

दोन मात्रांची सरक! आणि मी चार दिवस डोकं खाजवतोय.

गोदाकाठ

म्हणजे गेली दुसऱ्याच्या गळ्यात. तीही आठवड्याच्या आत. बरं.

विशारद नापास

मुलांनी दुरुस्त केली, म्हणजे मुळात चुकलेलीच होती.

इंद्रकुंड

मुलांनी सातही जणांनी उचलली, हे नाही दिसलं?

ठेकेदार

आत्ताच तिच्याशी फोनवर बोललो, मुलांचं सगळं सांगितलं. आधी गप्प. मग हातावर टाळी देऊन दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघितली, मला फोनवर ऐकू येत होतं. शेवटी म्हणाली, "मुलांना म्हणावं तशीच म्हणा. माझ्या वहीत मात्र नववीच राहणार."

पुढच्या महिन्यात पुन्हा तिची साथ आहे माझ्याकडे. सुरुवातीला एक जुनी चीज घेणार आहे म्हणे, कुठली ते सांगत नाही. 'गोदातट' कुठून उचलते ते त्या दिवशी कळवतो.