स्प्लिट फिन्स (मधून चिरलेल्या पात्याचे) घेऊ की साधे पॅडल (अखंड पात्याचे)? (गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे)

खारंवारं_ठाणे

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, वय ५४. अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला, आजवर ३१ डाइव्ह झाल्यात. नऊ मालवणात, बाकी अंदमान आणि कर्नाटकातलं नेत्राणी बेट. उजव्या गुडघ्यातली गादी फाटली होती, २०१९ मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. एरवी चालायला, जिने चढायला त्रास नाही.

प्रत्येक वेळी भाड्याचे फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) घालते. मागच्या मार्चमध्ये हॅवलॉकला जॉनीज गॉर्ज या डाइव्हच्या जागी पाण्याला करंट होता. मला मिळालेले फिन्स लांब, कडक पात्याचे, आणि बूटी (आत घालायचा रबरी बूट) आत सरकत होती. विसाव्या मिनिटाला उजव्या पोटरीत असा गोळा आला की वाळूवर टेकून, फिनचं टोक हाताने ओढून पाय ताणावा लागला. सिलिंडरमध्ये ९० बार (दाबाचं माप) हवा शिल्लक असताना वर आलो. बडीची (डाइव्हमधल्या जोडीदाराची) डाइव्ह माझ्यामुळे अर्धी राहिली, ते मनाला फार लागलं. रात्री गुडघा सुजला.

आता स्वतःचे घ्यायचेत. बोटीवर एका ताईंचे स्प्लिट पाच मिनिटं घालून पाहिले. पाय अगदी हलका वाटला, पण पुढे सरकतेय की नाही तेच कळेना. इन्स्ट्रक्टरने सांगितलं, स्प्लिट घेऊ नका, घेतले तर फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) विसरा. मला ती आत्ता कुठे जमू लागलीय. काय करावं?

तळाशी_गाळ

ताई, मी मालवणात डाइव्हमास्टर आहे, म्हणजे लोकांना पाण्याखाली घेऊन जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ चार-पाच मीटर दिसलं तर आम्ही चांगला दिवस म्हणतो. तळाला बारीक गाळ. कोणी वरखाली पाय मारले की मागच्याला काही दिसत नाही, म्हणून इथे फ्रॉग किकच हवी. त्यात तळव्यांनी पाणी मागे ढकलायचं असतं. पातं मधून फाटलेलं असलं की दोन्ही भाग वेगवेगळे वळतात आणि पकड सुटते. मागे सरकायची किक तर स्प्लिटवर फारच अवघड, कारण तिथे पात्याची कड पाण्यात धरावी लागते.

मी पॅडलच सांगेन. पण तुमच्या पोटरीचा गोळा मला पात्यापेक्षा ढिल्या बूटीमुळे वाटतो. पाय आत सरकत असला की फिन निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळतो, आणि पोटरी सतत ताणलेली राहते.

सांधे_आणि_समुद्र

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, आठ वर्षं डाइव्ह करतेय, स्प्लिट आणि पॅडल दोन्ही वापरलेत. वरच्या दादांचं बूटीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. फ्रॉग किकमध्ये नडगी बाहेर वळते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांचं गुडघेदुखीचं तेच कारण. तुमची गादी आतल्या बाजूची फाटली होती की बाहेरच्या? आतली असेल, तर तुमच्यासाठी फ्रॉग किक म्हणजे आपोआप आराम नव्हे. किक छोटी ठेवा, हालचाल खुब्यातून आणि घोट्यातून करा.

स्प्लिटने पाय हलका वाटतो कारण मधल्या फटीतून पाणी निसटतं. म्हणून किक छोटी आणि भरभर मारायची. तुम्ही बहुधा पॅडलसारखी मोठी, सावकाश मारली असणार. मला स्वतःला स्प्लिटवर लांब, सरळ पोहायला फार सुख वाटतं, पण जोरदार करंटमध्ये एकदम जोर लावायचा झाला की पॅडल आठवतात. स्प्लिट आणि कडक पॅडल यांच्यामध्ये मऊ पात्याचे पॅडलही मिळतात, ते आधी बघा. जड रबराचे मात्र नकोत. अंदमानात ३ मिलिमीटरच्या पातळ रबरी सूटमध्ये पाय खाली ओढले जातील आणि विमानात सामानाचं वजनही वाढेल.

खारंवारं_ठाणे

दोघांचे मनापासून आभार. गादी आतल्याच बाजूची. हे ऑपरेशनच्या डॉक्टरांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं, काल जाऊन आले. फ्रॉग किक करा म्हणाले, पण छोटी, आणि दुखलं तर तिथेच थांबा.

रविवारी ओळखीच्या स्विमिंग पूलमध्ये, २५ मीटर लांबीच्या, स्वतःची बूटी घालून तीन जोड करून पाहिले. स्प्लिटवर छोट्या किक मारल्या आणि खरंच सरकले. एका लांबीला ३८ किक, धाप नाही. पण फ्रॉग किकला पाय नुसते पाण्यात फिरले. कडक पॅडलवर २४, आणि चौथ्या फेरीला पोटरी बोलू लागली. मऊ पॅडलवर २९. त्यावर फ्रॉग किकही जमली, मागे दोन हात सरकताही आलं. गुडघा संध्याकाळपर्यंत शांत.

मऊ पॅडल घेतेय, टाचेमागे स्प्रिंगचा स्ट्रॅप लावून. तळाशी_गाळ दादा, नोव्हेंबरात दोन दिवस मालवणला येतेय. मागे सरकायची किक शिकवाल का? दुसऱ्या फेरीला उजवीकडेच फिरत जाते मी.

तळाशी_गाळ

या ताई. उजवीकडे फिरताय म्हणजे एक पाय कमी ओढतोय, बहुधा ऑपरेशनचा. पहिल्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळी उथळ पाण्यात घेऊ. बूटी तीच आणा.