हाय प्रेस राष्ट्रीय संघाला परवडतो का? चिलीच्या निमित्ताने

मधली_फळी:
राष्ट्रीय संघाला सरावाला जेमतेम चार-पाच दिवस मिळतात, तेवढ्यात हाय प्रेस (फुटबॉलमध्ये समोरच्या संघावर त्याच्याच अर्ध्यात दबाव टाकून चेंडू हिसकावणं) बसत नाही, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. प्रशिक्षक बिएल्सांनी २००७ ते २०११ या काळात चिलीला ३-३-१-३ (मागे तीन, मध्ये तीन, त्यांच्या पुढे एक, आघाडीला तीन) शिकवलं आणि ते चाललं, कारण मूळ नियम एका ओळीचा होता: समोर दोन स्ट्रायकर असतील तर मागे तीन, एकच असेल तर मागे चार. एक बचावपटू कायम मोकळा, बाकी प्रत्येकाने आपला माणूस धरायचा.

प्रेस कधी सुरू करायचा याच्या खुणाही मोजक्याच. समोरच्या संघाच्या सेंटर-बॅककडून (मधला बचावपटू) फुल-बॅककडे (कडेचा बचावपटू) जाणारा संथ पास, त्यांचा स्वतःच्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेणारा मिडफिल्डर आणि थ्रो-इन. स्ट्रायकरने सरळ धावायचं नाही, वळसा घेत धावायचं. म्हणजे दुसऱ्या सेंटर-बॅकचा रस्ता बंद होतो आणि फुल-बॅक टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, अडकतो. २०१४च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धचा चिलीच्या सांचेझचा गोल बघा: ब्राझीलच्या मार्सेलोचा थ्रो, हल्कचा ढिला परतीचा पास, चिलीच्या वार्गासने तो तोडला आणि सांचेझने गोल केला. तो गोल सापळ्याचा होता, नशिबाचा नव्हे.

गोलपोस्ट:
त्याच सामन्यात चिलीने कॉर्नरवर गोल खाल्ला, ते का सोडलंत? त्याआधी नेदरलँड्सविरुद्ध त्यांच्या फेरचं हेडर, तेही कॉर्नरमधूनच. चिलीच्या बचावात मेदेल, उंची १.७१ मीटर!

आणि २०१०च्या विश्वचषकातला स्पेन सामना. २४व्या मिनिटाला स्पेनच्या तोरेससाठी लांब चेंडू आला, चिलीची बचावफळी वर असल्यामुळे गोलरक्षक ब्रावोला पेटीबाहेर (गोलसमोरच्या चौकोनाबाहेर) येऊन तो काढावा लागला. चेंडू थेट स्पेनच्या व्हियाकडे गेला आणि त्याने सुमारे ४० मीटरवरून रिकाम्या जाळ्यात मारला. पुढे चिलीचा एस्त्रादा लाल कार्ड घेऊन गेला. बाद फेरीत ब्राझीलसमोर तो, मेदेल आणि पोन्से असे तिघेही निलंबित, निकाल ०-३. माणसाला माणूस लावला की उशिरा पोहोचणारा फाउल करतोच. लीगमध्ये ते खपतं, पण विश्वचषकात दोन पिवळी कार्डं म्हणजे एक सामना बाहेर.

मधली_फळी:
कार्डांचा मुद्दा मान्य. उंचीचं खापर मात्र प्रेसवर नको, तो निवडीचा प्रश्न आहे.

गोलपोस्ट:
निवड तशी का झाली? मागे अर्धं मैदान मोकळं सोडलं की वळून ४० मीटर पळू शकणारेच बचावपटू लागतात. उंच आणि तितकाच चपळ सेंटर-बॅक चिलीकडे नव्हता. म्हणजे उंची ही प्रेसचीच किंमत झाली.

डावा_विंगर:
दोघेही एक गोष्ट विसरताय: अंतर. आघाडी ते बचाव ३०-३५ मीटरपेक्षा जास्त ताणलं की प्रेस फुटतो. पुढचे तीन धावतात, मागचे घाबरून थांबतात आणि मधल्या पोकळीत समोरचा आरामात वळतो. चेंडू गेल्यावर पाच-सहा सेकंद जीव तोडून पाठलाग, तेवढ्यात नाही मिळाला तर सगळ्यांनी मध्यरेषेपर्यंत मागे यायचं. ही दुसरी पायरी शिकवली नाही तर ७०व्या मिनिटानंतर पाय संपतात. २०१४ला प्रशिक्षक साम्पाओलींच्या चिलीने स्पेनला माराकाना मैदानावर २-० हरवलं, तेव्हा दोन्ही गोल मध्यंतराआधी झाले होते. त्यानंतर जमलं ते मागे येऊन खेळल्यामुळे.

गोलपोस्ट:
आणि समोरच्याने चेंडूच नको म्हटलं तर? २०२४च्या कोपा अमेरिका स्पर्धेच्या उपांत्य फेरीत कोलंबियाने बिएल्सांच्याच उरुग्वेविरुद्ध पूर्ण दुसरा हाफ दहा जणांनी खेळून काढला. कोलंबियाचा गोल आधीच झाला होता, कॉर्नरवर लेर्माचं हेडर. कोलंबियाचे सगळे पेटीपाशी दाटीने उभे. प्रेस कोणावर करणार?

मधली_फळी:
तिथे ३-३-१-३मधला तो 'एक' कामाचा. त्याने दोन फळ्यांच्या मध्ये उभं राहायचं, दोन्ही विंगर टचलाइनवर, आणि क्रॉस गोलरेषेपासून मागे, पेनल्टी स्पॉटच्या दिशेने द्यायचा. तो क्रॉस अडला की उसळलेल्या चेंडूवर पुन्हा प्रेस. उरुग्वेने हवेतले क्रॉस टाकले, ती चूक अंमलबजावणीची.

गोलपोस्ट:
चार दिवसांत अंमलबजावणी एवढीच होते, म्हणूनच तर हाय प्रेस राष्ट्रीय संघात बसत नाही असं म्हणतात.