बालकलाकाराची कमाई कुणाची? (ऑनलाइन चर्चेचा धागा)

नदीकाठ
आमच्या सोसायटीच्या गटावर एका काकांची भली मोठी पोस्ट फिरते आहे. 'नाळ २'च्या तिन्ही मुलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी बालकलाकारांच्या आईवडिलांना बोल लावणारे लोक जळके आहेत, असं त्यांचं म्हणणं. सचिन पिळगावकर, ऊर्मिला मातोंडकर लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर होते, काय बिघडलं त्यांचं? आणि पोराची कमाई घरात वापरली तर त्यात पाप कसलं?

काका, जे टिकले तेच तुम्हाला आठवतात. 'सलाम बॉम्बे'मधल्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवत होता. 'बूट पॉलिश'मधल्या बेबी नाझच्या कामाची १९५५ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दखल घेतली गेली. मोठेपणी तिच्या वाट्याला दुय्यम भूमिका आणि डबिंग आलं. पोरांचं कौतुक मलाही आहे. पण बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. हे किती सेटवर पाळलं जातं?

घोडबंदर
रिक्षा चालवणं म्हणजे आयुष्य वाया गेलं का? आधी तो सूर सोडा.

माझ्या मुलीने मालिकेत काम केलंय, म्हणून लिहितो. तिला सेटवर नेणार कोण? बायकोने नोकरी सोडली. पेमेंट नव्वद दिवसांनी, तेही काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन कापून. तोवर पेट्रोल, डबे, दुसऱ्या मुलाची पाळणाघराची फी, सगळं आमच्या खिशातून. तुम्ही वीस टक्क्यांचं सांगता, उरलेल्या ऐंशीत काय उरतं ते कुणी विचारत नाही. बाहेरून 'पोरीच्या जिवावर जगतात' म्हणणं फार सोपं आहे.

निवृत्त बाई
पैशाचं तुमचं तुम्ही बघा. शाळेचं कोण बोलणार? शिक्षणात खंड पडू देणार नाही, असं निर्मात्याला लिहून द्यावं लागतं. माझ्या वर्गात मालिकेत काम करणारा एक मुलगा होता. आठवड्यातून दोनदा यायचा, डोळे तारवटलेले, पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. पाठांतर असं की आख्खी कविता एका वाचनात म्हणून दाखवायचा. पण हातच्याची वजाबाकी चौथीतही येत नव्हती. मी आईला बोलावलं तर म्हणाली, "बाई, त्याला कुठे हिशेब करायचेत."

घोडबंदर
आणि त्याच मुलाचा फ्लेक्स शाळेच्या फाटकावर लागला असेल! आमच्या शाळेने मुलीला गॅदरिंगला पाहुणी म्हणून स्टेजवर बसवलं, प्रवेशाच्या पत्रकावर तिचा फोटो छापला आणि त्याच महिन्यात हजेरी कमी म्हणून आम्हाला नोटीस दिली. वह्या पूर्ण करायला मागितल्या तर एकही बाई द्यायला तयार नाही. शाळांनी आम्हाला शिकवू नये.

निवृत्त बाई
वह्या उतरवून काढणं म्हणजे शिक्षण नव्हे, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. फ्लेक्स लावणारी संस्था असते, वर्गातली बाई नसते. मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बसवून शिकवलंय. ते माझं कामच होतं, उपकार म्हणून सांगत नाही.

माळशिरसकर
शाळेवरून आठवलं. 'सैराट'नंतर रिंकू राजगुरूला गर्दीमुळे नेहमीसारखं शाळेत जाणं जमेना, दहावी बाहेरून द्यावी लागली. तिची शाळा कुणी सोडवली? निर्मात्याने नाही, आईवडिलांनी तर नाहीच. मोबाइल घेऊन फाटकाबाहेर उभे राहणाऱ्या लोकांनी! आमच्याच भागातले, ओळखीचे लोक होते. त्यांच्याबद्दल धाग्यात कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

प्रयोग क्रमांक एक
मूळ प्रश्न सोडून हजेरीपटावर भांडताय. पुण्यात मोहन आगाशे यांनी बर्लिनहून ग्रिप्स या बालनाट्याची पद्धत आणली, त्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. मुलांसाठी उत्तम नाटक करायला मुलांना राबवावं लागत नाही.

माळशिरसकर
रंगमंचावर चालतं ते. 'फँड्री'तला जब्या तिशीतल्या नटाने केला असता का? सोमनाथ अवघडेने शेवटी दगड भिरकावला तेव्हा आमच्या इथल्या थिएटरात कुणी हललं नाही. पोरांना पडद्यावरून काढून टाका म्हणणारे आमच्यासारख्यांची पोरंच आधी काढतील.

नदीकाठ
काढून टाका असं मी म्हटलेलंच नाही. चॅप्लिनच्या 'द किड'मधल्या जॅकी कूगनने लहानपणी लाखो डॉलर मिळवले, मोठा होऊन बघतो तर आईने आणि सावत्र बापाने बहुतेक सगळे उडवलेले. १९३८ साली त्याने कोर्टात दावा लावला, त्यातून पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा कायदा झाला. आज तिथे १५ टक्के बाजूला ठेवतात. आपल्याकडे २०. कायदा आपला कमी नाही, विचारणारं कुणी नाही. घोडबंदर, तुमच्या मुलीच्या नावावर ठेव आहे का? सरळ सांगा.

घोडबंदर
आहे. मी माझ्या हाताने केलेली. प्रॉडक्शनने एक रुपया परस्पर भरला नाही. आणि हो, १२-१२ तासांच्या शिफ्ट झाल्यात, तापात झाल्यात. आता झालं समाधान?

निवृत्त बाई
समाधान कसलं? तापात पोरीला उभं केलंत?

घोडबंदर
बाई, टेलिकास्ट दुसऱ्या दिवशी होतं. मी घरी नेतो म्हणालो तर उत्तर मिळालं की कथेचा ट्रॅक बदलू, मालिकेतली मुलगी मामाच्या गावाला पाठवू. म्हणजे काम संपलंच. तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?

निवृत्त बाई
घरी नेलं असतं.

घोडबंदर
तुमची पेन्शन चालू असते म्हणून असं म्हणता येतं.

नदीकाठ
दोघेही थांबा. बाईंचं बरोबर आहे, आणि घोडबंदरना एकट्याला दोष देऊन काही होणार नाही, हेही मला मान्य करावं लागतंय. पण २० टक्क्यांचं आणि ५ तासांचं कलम करारात घाला, असं सही करताना म्हणालात का?

घोडबंदर
म्हणालो. करार छापील आहे, बदलत नाही, असं सांगितलं. ऑडिशनला शॉर्टलिस्ट झालेली दुसरी मुलगी त्याच ऑफिसात आईबरोबर बसली होती. मी सही केली.

नदीकाठ
मग हे सगळं त्या काकांच्या पोस्टखाली लिहा. मी लिंक पाठवते.