अनुभव धागा : कचेरीतला संगणक तुमच्या हाती कुणी दिला?

कोल्हापूर जिल्ह्यात महसुली कामाच्या संगणकीकरणात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही जुन्या सहकारणींचे फोन येतात आणि कुणी शिकवलं, कुणी अडवलं याच्या गोष्टी निघतात. त्या फोनवरच विरून जाऊ नयेत म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

नव्वदच्या दशकात कचेरीत संगणक आला तेव्हा त्याला वेगळी एसी खोली होती. दाराबाहेर चपला काढूनच आत जायचं. पडद्यावर मराठी दिसावं म्हणून सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड बसवलेलं. माझं पद तांत्रिक होतं, तरी एका कचेरीत माझ्या टेबलावर टाईप करायची पत्रंच येत. प्रणालीचं काही विचारायचं असलं की साहेब माझ्या हाताखालच्या मुलाला हाक मारत. तो माझ्याकडून उत्तर घेऊन जाई आणि आत जाऊन सांगे. तेव्हा मनात पक्कं बसलं की दुसऱ्याच्या लॉगिनवर केलेलं काम शेवटपर्यंत दुसऱ्याच्याच नावावर राहतं.

१९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रांचा प्रयोग सुरू झाला. तिथे शेतकरी यायचे ते उसाचा हिशेब बघायला. आपल्या कामाचं असलं की माणूस यंत्राला भीत नाही, हे मी तिथे शिकले.

पुढे थोडा अधिकार हातात आल्यावर मी एक हट्ट धरला. जी नोंद घेईल तिचं लॉगिन तिच्याच नावाचं. साहेबांचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवून अख्ख्या शाखेने वापरायचा, हे बंद. आणि जी शिकली तिनेच पुढच्यांना शिकवायचं, मी मागच्या बाकावर बसणार. याच कोल्हापूर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. जागा मिळाली, आता त्या माणसाला खुर्चीत बसल्यावर खरं काम मिळतं का, हे बघणं आपल्यासारख्यांकडे येतं. तुमचे अनुभव लिहा. मोठंच लिहायला पाहिजे असं नाही.

राधानगरी, महसूल सहायक

मॅडम, मालक गेले आणि मी अनुकंपावर लागले. मुलं लहान, सासूबाई अंथरुणाला, आणि आदेशात अट होती, मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, तेही मुदतीत. कचेरीत सगळे मला वहिनी म्हणायचे, कारण मालक त्यांचे सोबती. मायेनेच म्हणायचे. पण वहिनीला कुणी काम सांगत नाही. जेवलात का, पोरं कशी आहेत, एवढंच विचारतात. तुम्ही आलात आणि माझं आडनाव घेऊन म्हणालात, "बसा इथं. ही फाईल आजपासून तुमची."

इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी टंकनाची कळांची मांडणी, तुम्ही शिकवलंत ते अजून बोटांत आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क ची कळ शिफ्ट धरून दाबली की ख, ग ची दाबली की घ. कीबोर्डवर रुमाल टाकायचात आणि सरावाला माझ्याच सासरच्या गावची खातेदार यादी द्यायचात. नावं ओळखीची, त्यामुळे चूक झाली की डोळ्याला खुपायची.

२०१७ च्या चावडीवाचनात तुम्ही मलाच पुढे केलंत. हस्तलिखित सातबारा आणि संगणकाची प्रत समोरासमोर धरून गावापुढे वाचायचं. आवाज फुटेना. अर्धं गाव वाचून झाल्यावर मागून एक आजी म्हणाल्या, "माझं नाव वाचलंच न्हाईस गं बाई." जुन्या पानावर इतर हक्कात त्यांचं नाव होतं, नव्या प्रतीत उतरलंच नव्हतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा प्रस्ताव मी तयार केला. तहसीलदारांची सही झाल्यावर नवी प्रत आजींच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं आणि त्या जागेवरून अंगठा फिरवला. त्या दिवसापासून मला कुणी वहिनी म्हटलं तरी काम मात्र सांगतात.

गगनबावडा

माझे वडील कोतवाल. संगणकाच्या खोलीचं कुलूप उघडायचं काम त्यांचं, आत बसायचं नाही. आज त्याच तालुक्यात मी तलाठी आहे आणि सातबारा माझ्या डिजिटल सहीने निघतो. मला अर्ज भरायला लावणाऱ्या बाई बदलून गेल्या, नाहीतर त्यांना पेढे नेऊन दिले असते.

करवीर, लिपिक (दृष्टिहीन)

आम्हा दिव्यांगांना २०१६ च्या कायद्याने ४ टक्के आरक्षण आहे. मी रुजू झालो तेव्हा पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर स्वतःच घरून आणलं, ते फुकट मिळतं. पण परिपत्रकं जुन्या फाँटमधली. ती वाचताना यंत्र इंग्रजी अक्षरांची गिचमिड बोलायचं. उरलेली स्कॅन करून आलेली, म्हणजे माझ्या दृष्टीने कोरा कागद. "तुम्ही आवकजावक सांभाळा," असं सुचवलं गेलं.

मॅडमनी शाखेत सांगितलं की इथून पुढे प्रत्येक टिपणी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणूनच वाचता येईल अशा अक्षरांत, टाईप होईल, स्कॅन सोबत हवं तर जोडा. काही जणांना तो जाच वाटला. मग सगळ्यांनाच जुन्या फायली शब्द टाकून शोधता यायला लागल्या आणि कुरकुर थांबली. कॅप्चाचं चित्र अजूनही मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. ते सुटलेलं नाही. जे नवीन संकेतस्थळं करतात त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर हात जोडून विनंती आहे, आवाजी पर्याय ठेवा, तोही मराठीत.

शिरोळ, डाटा एंट्री (कंत्राटी)

ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडे पोराटोरांना पाठ असतं. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. ओसरल्यावर पंचनामे आले, चिखलाचे डाग पडलेले कागद, एकाच घराच्या दोन नोंदी, बँक खात्याचे आकडे पुसलेले. मी गाववार तक्ता केला आणि दुबार नोंदी लाल केल्या. बैठकीला साहेब लोक जमले तेव्हा मी तक्ता मॅडमच्या हातात द्यायला गेले. त्या म्हणाल्या, "जिनं केलाय तिनंच सांगायचा. मी आहे इथं." आमच्याकडच्या बायका बोलतात तसं मी "सांगतो की" म्हणाले आणि उभी राहिले. मधेच एकांनी "मॅडम, हे तुम्हीच सांगा" म्हटल्यावर मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

हे सगळं खरं, पण दुसरी बाजूही लिहिते. मी अजून कंत्राटीच आहे. मधे एका ठेकेदाराने मानधन महिनोन् महिने थकवलं. नवा ठेका निघाला की आधीचा अनुभव शून्यावर. माझ्या नावाचं लॉगिन होतं, ठेक्याबरोबर तेही बंद झालं. शिकवणारीच्या मायेने पोट भरत नाही मॅडम, रागावू नका.

धागाकर्ती

शिरोळच्या ताई, रागावू कशाला? तुमचं म्हणणं शब्दाशब्दाला खरं आहे आणि ठेक्याची पद्धत बदलणं माझ्या हातात कधीच नव्हतं. माझ्या हातात होता तो अनुभवाचा दाखला. "समाधानकारक काम केले" या एका ओळीचा दाखला पुढे कुणी वाचत नाही. मी प्रणालीचं नाव लिहायचे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या नोंदी, पुरात कोणता तक्ता केला, किती जणांना शिकवलं, सगळं. तो दाखला ठेकेदाराचा नाही, कचेरीचा, जावक क्रमांकासह.

तुम्हाला पुराच्या कामाचा असा दाखला मिळालाय का? नसेल तर त्या काळच्या बैठकीचं इतिवृत्त आणि हजेरी जोडून कचेरीकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. अर्जाचा मसुदा मी बसवून देते. राधानगरीच्या बाई, तुमच्याकडे कंत्राटी मुली असतील तर त्यांचे दाखले या महिन्यातच काढा, ठेका संपायची वाट बघू नका. बाकीच्यांनी लिहीत राहा. चंदगड, आजऱ्याकडून अजून कुणीच आलेलं नाही.